लाकडी म्यानातली तलवार

लढाई आटोपली की फौजेचा डॉक्टर मेलेल्यांची आणि जखमींची यादी करतो. निजामाच्या रिसाल्याची एकदा रोहिल्यांच्या मोठ्या टोळीशी गाठ पडली. स्वार थोडे, रोहिले पुष्कळ, तरी स्वारांनी त्यांचा धुव्वा उडवला. त्या चकमकीची यादी लुई नोलन या इंग्रजी घोडदळातल्या अधिकाऱ्याच्या वाचनात आली. शेऱ्याच्या रकान्यात एकाचा हात खांद्यापासून तुटल्याची नोंद होती, एकाचे शिर धडावेगळे झाल्याची, आणि एकाने डोके वाचवायला वर धरलेले दोन्ही हात एकाच घावात मनगटांच्या वर छाटले गेल्याची. नोलन थक्क झाला. तो पंधराव्या हुसार रिसाल्यातला, तलवारबाजीत मुरलेला माणूस. त्याच्या स्वतःच्या रिसाल्याच्या तलवारी असे कापत नव्हत्या. ही माणसे राक्षसी ताकदीची असावीत किंवा त्यांची पाती तरी वेगळी असावीत, असे त्याला वाटले.

त्याने निजामाचे स्वार गाठले आणि तलवारी हातात घेऊन पाहिल्या. त्यातली बहुतेक पाती इंग्रजी फौजेने जुनी म्हणून मोडीत काढलेली होती. ती विकत घेऊन स्वारांनी त्यांना आपल्या पद्धतीची लोखंडी मूठ बसवली होती, मुठीपासून टोकापर्यंत वस्तऱ्यासारखी धार लावली होती आणि लाकडी म्याने केली होती. लढाईखेरीज तलवार म्यानाबाहेर काढायची नाही असा शिरस्ता होता. नोलनने एका म्हाताऱ्या स्वाराला विचारले, माणसाचा हात तुटावा म्हणून वार कसा करता? म्हातारा म्हणाला, जोरात करतो. बरे, पण शिपायांना तो वार शिकवता कसा? यावर म्हाताऱ्याने सांगितले, की काही शिकवत नाही. तलवारीला धार असली की ती कुणाच्याही हातात कापते. नोलनने हा सगळा प्रसंग १८५३ साली छापलेल्या आपल्या घोडदळावरच्या पुस्तकात नोंदवला. म्हाताऱ्याचे नाव मात्र त्यात नाही.

त्या म्हाताऱ्याचा मुलूख म्हणजे आपला मराठवाडा आणि त्याच्या पलीकडचे हैदराबाद. औरंगाबाद, हिंगोली, मोमिनाबाद, म्हणजे आजची अंबाजोगाई, ही सगळी या रिसाल्याची ठाणी. आपल्याच भागातल्या एका म्हाताऱ्या शिपायाने युरोपच्या घोडदळाला धडा दिला आणि आपल्याकडे त्याची कुणाला गंधवार्ता नाही, हे मला फार लागले. म्हणून यंदाच्या नवरात्रात मी त्या तलवारीच्या मागावर निघालो. पुण्याहून अहिल्यानगर, तिथून छत्रपती संभाजीनगर, मग असई आणि शेवटी अंबाजोगाई अशी वाट ठरवली.

निघण्याआधी त्या पात्याविषयी थोडे सांगितले पाहिजे. इंग्रजी हलक्या घोडदळाची १७९६ सालची ही तलवार. जॉन गॅस्पर्ड ले मार्शां या अधिकाऱ्याने १७९३ ते १७९५ या काळातल्या फ्लँडर्सच्या मोहिमेत आपल्या स्वारांचे हाल पाहिले. त्यांच्या तलवारी लांब, बोजड आणि हाताला न पेलणाऱ्या होत्या. वार करताना स्वार कधी आपल्याच घोड्याला जखम करी, कधी स्वतःला. शेजारी ऑस्ट्रियाचे घोडदळ लढत होते, त्यांच्याकडून त्याने तलवारीचे हात शिकून घेतले. तुर्क, मामलुक आणि हंगेरियन स्वारांची वाकडी पाती सर्वांत चांगली असे त्याचे मत झाले. परतल्यावर बर्मिंगहॅमचा तलवारकार हेन्री ऑस्बॉर्न याला हाताशी धरून त्याने नवी तलवार घडवली आणि ती चालवायची कवायतही लिहिली. पाते साधारण ८३ सेंटिमीटर लांब, चांगले वाकलेले, टोकाकडे निमुळते होण्याऐवजी रुंद होत जाणारे. वजन किलोच्या आसपास. प्रशियाने १८११ साली तिची हुबेहूब नक्कल केली, यावरून तिची योग्यता कळते. ले मार्शां स्वतः १८१२ साली स्पेनमध्ये सलामांकाच्या लढाईत घोडदळाच्या हल्ल्याच्या अग्रभागी पडला. १८२१ साली इंग्रजी फौजेने नवा नमुना आणला आणि ही पाती मोडीत निघाली.

तलवार चांगली होती, पण म्यान लोखंडी होते. घोडा दुडक्या चालीने चालला की पाते म्यानात खडखडते. उपसताना आणि घालताना धार म्यानाच्या लोखंडी तोंडावर घासते. कवायतीत दिवसातून किती वेळा ती उपसायची याला गणती नाही. अशी चार-सहा वर्षे गेली की हातात उरते ती पोलादाची पट्टी. दख्खनी स्वाराने हे ओळखले होते. लाकूड धारेला खात नाही. इंग्रजी मूठ गोल, म्हणून ती मुठीत फिरते आणि वार धारेवर न पडता पात्याच्या अंगावर पडतो. आपली मूठ लहान आणि चपटी, वर वाटीसारखी तबकडी. त्या मुठीत हात घट्ट बसतो, मनगट वळवायला जागा राहत नाही, म्हणून वार आपोआप खांद्यातून येतो आणि पाते ओढले जात कापते.

परदेशी पात्याला देशी मूठ बसवणे आपल्याकडे नवे नव्हते. शिवकाळापासून मराठ्यांच्या हातातल्या फिरंगा अशाच असत. २०२५ साली राज्य सरकारने लंडनच्या लिलावातून नागपूरकर रघूजी भोसले यांची तलवार विकत घेऊन मुंबईला आणली. तिचेही पाते युरोपचे आहे आणि मुठीवरचे सोन्याचे काम इकडचे. बाहेरचे चांगले पोलाद घ्यावे आणि ते आपल्या हाताला बेतून घ्यावे, यात कमीपणा मानणारे ते लोक नव्हते.

अहिल्यानगरला पोहोचलो तेव्हा सकाळ टळत आली होती. चिलखती दलाचे प्रशिक्षण केंद्र इथे आहे आणि त्या केंद्रानेच १९९४ साली रणगाड्यांचे संग्रहालय उभे केले. झाडांच्या सावलीत ओळीने रणगाडे मांडले आहेत: पहिल्या महायुद्धाच्या काळातली रोल्स रॉइसची चिलखती मोटार, माटिल्डा, व्हॅलेंटाइन, चर्चिल, शर्मन, आपला विजयंता. पोरे तोफेच्या नळीला लोंबकळायला पाहतात, आईबाप त्यांना ओढून काढतात आणि मग स्वतःच फोटोसाठी उभे राहतात. मी थांबलो तो पाकिस्तानकडून हस्तगत केलेल्या पॅटनपाशी. ज्या अमेरिकी सेनापतीचे नाव या रणगाड्याला दिले आहे, त्या जॉर्ज पॅटनने तरुणपणी १९१३ साली अमेरिकी घोडदळासाठी तलवार आखली होती. ती सरळ, भोसकायची तलवार होती. इंग्रजांनीही १९०८ साली तसाच निर्णय घेतला होता, की स्वाराने कापायचे नाही, भोसकायचे. तलवार परिपूर्ण झाली तोवर मशीनगन आलेली होती.

पॅटनशी गाठ घेणाऱ्यांत दख्खनी रिसाला होता, हे इथे येणाऱ्या प्रत्येक मराठी माणसाला ठाऊक असायला हवे. नोलनने ज्यांच्या तलवारी पाहिल्या, त्या निजामाच्या रिसाल्याचीच पुढे ‘हैदराबाद कंटिंजंट’ झाली. १९०३ साली ती हिंदी फौजेत विलीन झाली, तिच्यातून विसावा डेक्कन हॉर्स आणि एकोणतिसावे लान्सर्स उभे राहिले, आणि १९२१ साली ती दोन्ही एकत्र येऊन आजचा डेक्कन हॉर्स झाला. १४ जुलै १९१६ रोजी फ्रान्समध्ये सोमच्या रणधुमाळीत हाय वूड नावाच्या रानाजवळ, उभ्या पिकात दडलेल्या जर्मनांवर डेक्कन हॉर्सच्या स्वारांनी भाले रोखून घोडे घातले. आणि सप्टेंबर १९६५ मध्ये खेमकरणजवळ असल उत्तरला हाच रिसाला जुन्या शर्मन रणगाड्यांनिशी पॅटनांसमोर उभा राहिला. तिथे पाकिस्तानच्या रणगाड्यांची अक्षरशः दफनभूमी झाली. हैदराबाद संस्थानाच्या लान्सर्समधून आलेले लेफ्टनंट कर्नल अर्देशिर तारापोर त्याच युद्धात पूना हॉर्सचे नेतृत्व करताना पडले आणि त्यांना परमवीरचक्र मिळाले. जन्म मुंबईचा, शिक्षण पुण्याचे, नोकरीची सुरुवात निजामाकडे: दख्खनच्या घोडदळाचा सगळा इतिहास त्या एका माणसाच्या आयुष्यात सापडतो.

भिंगारला एका स्नेह्याच्या ओळखीने निवृत्त रिसालदार भेटले. सगळे त्यांना आबा म्हणतात, मीही म्हणू लागलो. मूळ गाव अंबाजोगाईच्या बाजूला, नोकरीनंतर इथेच घर बांधले. ७१ च्या लढाईत पश्चिम आघाडीवर रणगाड्यावर गनर होते. रणगाड्यावरच्या शिपायाला आजही सवार म्हणतात आणि त्याचे वरिष्ठ दफादार, रिसालदार असतात. घोडे गेले तरी हुद्दे राहिले. मी नोलनची गोष्ट सांगितली. आबा ती डोळे मिटून ऐकत होते. म्हाताऱ्या स्वाराचे उत्तर सांगितले तेव्हा डोळे उघडून म्हणाले, “बरोबर बोलला तो. आमचे उस्ताद हेच सांगायचे. तोफेची नळी रोज पुसायची. लढाई आयुष्यात एकदा होणार, नाहीतर होणारही नाही. पण ज्या दिवशी होईल त्या दिवशी नळी पुसायला वेळ मिळत नाही.”

मग थोडे थांबून म्हणाले, “आमच्या घरी एक तलवार आहे. गावाकडं. पणजोबाच्याही आधीची. खंडेनवमीला मी जाणारच आहे. तुम्ही पण या.”

संभाजीनगरला क्रांती चौकातला काळा चबुतरा पाहायचा होता. चौकात वाहनांची इतकी गर्दी, की रस्ता ओलांडायलाच वेळ गेला. जून १८५७ मध्ये कंटिंजंटचा पहिला रिसाला अंबाजोगाईहून इथल्या छावणीत आला होता. आपल्याला दख्खनबाहेर नेणार आणि दिल्लीच्या बादशहावर घालणार, अशी कुणकुण स्वारांना लागली. दख्खनमध्ये चाकरी करायची या बोलीवर आम्ही आलो, बादशहावर तलवार उचलणार नाही, असे त्यांनी साफ सांगितले. पुण्याहून जनरल वुडबर्न तोफा घेऊन आला. रिसाल्याला रांगेत उभे करून नावे पुकारली जात असताना दफादार मीर फिदा अली याने आपल्या कप्तानावर, ॲबटवर, गोळी झाडली. ती चुकली. मीर फिदा अलीला फाशी झाली. मागून आणखी कितीतरी स्वारांना गोळ्या घालण्यात आल्या, काहींना तोफेच्या तोंडी देण्यात आले. ती जागा हीच असे शहरातले लोक सांगतात.

पण हकिकत इथे संपत नाही. त्याच कंटिंजंटचे रिसाले सर ह्यू रोजच्या फौजेबरोबर मध्य हिंदुस्थानात गेले आणि झाशी, काल्पीच्या मोहिमेत राणी लक्ष्मीबाई आणि तात्या टोपे यांच्याविरुद्ध लढले. एका मुलखातली माणसे, एकाच बनावटीच्या तलवारी. काही चबुतऱ्यापाशी मेले, काहींनी झाशीच्या वाटेवर इंग्रजांसाठी रक्त सांडले. मला वाटते, या इतिहासातले एक पान फाडून दुसरे जपण्याचा मोह आपण टाळला पाहिजे. स्वार पोटासाठी चाकरी करत होता. मीर फिदा अलीने ती चाकरी कुठे थांबवायची हे ठरवले आणि त्याची किंमत मोजली, म्हणून तो मोठा. बाकीचे वाईट होते असे त्यावरून ठरत नाही.

या चाकरीची रीत मुळात मराठ्यांचीच होती. स्वतःचे घोडे आणि हत्यार घेऊन येतो तो शिलेदार, सरकारी पागेतल्या घोड्यावर बसतो तो बारगीर. इंग्रजांनी आपल्या बेकवायती घोडदळासाठी ही शिलेदारी जशीच्या तशी उचलली आणि पहिल्या महायुद्धाच्या अखेरीपर्यंत चालवली. घोड्याची आणि सामानाची रक्कम स्वार रिसाल्यात भरी, तिला असामी म्हणत. म्हातारा स्वार घरी निघाला की असामी दुसऱ्याला विकी किंवा मुलाला लावून देई. म्हणून या तलवारींना मालक होता. सरकारी शस्त्रागारातल्या तलवारीला फक्त नंबर असतो. ज्या पात्याचे पैसे आपल्या पगारातून गेले आहेत, त्याची धार माणूस राखतो. शिकलगाराला चार आणे जास्त देतो, म्यान सुताराकडून मापाने करून घेतो. नोलनने सांगितलेल्या त्या धारेमागे ही व्यवस्था होती आणि माझ्या मते तीच खरे कारण आहे. पोलाद तर दोघांचे एकच होते.

या फौजेची दुसरी किंमत वऱ्हाडाने दिली. कंटिंजंटचा पगार थकला, निजामावर कंपनीचे कर्ज चढले, आणि १८५३ च्या तहाने वऱ्हाडचा मुलूख इंग्रजांकडे गेला. नोलनचे पुस्तक छापले गेले तेही १८५३ सालीच.

असईला जाताना भोकरदनच्या पुढे रस्ता अरुंद होतो. दोन्ही बाजूंना मका आणि कापूस, पाऊस नुकताच उघडलेला, काळ्या मातीला अजून ओल. केळणा आणि जुई या दोन नद्यांच्या मधल्या बेचक्यात गाव आहे. २३ सप्टेंबर १८०३ रोजी इथे आर्थर वेलस्ली, पुढचा ड्यूक ऑफ वेलिंग्टन, शिंदे-भोसल्यांच्या फौजेशी लढला. पुढे वॉटर्लू जिंकलेला हा माणूस आयुष्यभर असईलाच आपली लढाईतली सर्वांत चांगली कामगिरी मानत राहिला. नदीकाठी उभे राहिले की का ते समजते. समोरचे मैदान सपाट आहे. कुठे आडोसा नाही. शिंद्यांच्या शंभराच्या घरातल्या तोफा या मोकळ्या रानावर रोखलेल्या होत्या. इंग्रजांचे मेलेले, जखमी आणि बेपत्ता मिळून दीड हजारांच्या वर लोक त्या एका दुपारी खर्ची पडले. चौऱ्याहत्तरावी पलटण गावाच्या अंगावर चालून गेली आणि जवळपास नाहीशी झाली. तिचे उरलेले लोक वाचवायला एकोणिसाव्या लाइट ड्रॅगून्सचे स्वार तलवारी उपसून घुसले. या रिसाल्याने १७८२ साली मद्रासला पाय ठेवला होता. इंग्लंडच्या राजाचे हिंदुस्थानात आलेले हे पहिले घोडदळ. घोडदळाचा मुख्य कर्नल पॅट्रिक मॅक्सवेल त्या संध्याकाळी इथेच पडला. रिसाल्याला पुढे असईच्या नावाचा हत्ती मानचिन्ह म्हणून मिळाला.

मी मात्र त्या रानात उभा राहून विचार करत होतो तो शिंद्यांच्या गोलंदाजांचा. इंग्रजांची ओळ तोफांवरून पुढे गेली तेव्हा त्यांच्यातले कित्येक मेल्याचे सोंग घेऊन पडून राहिले आणि मागून उठून पुन्हा तोफांना भिडले. पळायला वाट होती. ते पळाले नाहीत. तोफेपाशीच कापले गेले. लढाई हरली, पण या माणसांना हरलेले म्हणायला माझी जीभ रेटत नाही. त्यांची नावे मला कुठे लिहिलेली आढळली नाहीत.

पुढे पंधरा वर्षांनी, २० फेब्रुवारी १८१८ रोजी, आष्टीला असाच प्रसंग घडला. सोलापूर भागातल्या या गावातून दुसरा बाजीराव निघून गेला आणि त्याचे सेनापती बापू गोखले थोड्या स्वारांनिशी इंग्रजी ड्रॅगून्सवर तुटून पडले. जनरल स्मिथच्या डोक्याला तलवारीची जखम झाली. बापू तलवार हातात असतानाच पडले. मराठी राज्याच्या शेवटच्या मोठ्या माणसाचा अंत घोडदळाच्या तलवारींखाली झाला, हे दख्खनच्या तलवारीविषयी लिहिताना वगळता येत नाही.

अंबाजोगाईत नवमीच्या सकाळी योगेश्वरीच्या देवळाकडे माणसांची रीघ होती. आद्यकवी मुकुंदराजांची समाधी, दासोपंतांचे गाव, अशी या गावाची ओळख; छावणीची आठवण जुन्या माणसांखेरीज कुणी काढत नाही. दर्शन घेऊन आबांच्या गावी गेलो. वाड्याची एक बाजू पडली आहे, दुसऱ्या बाजूला पुतण्या राहतो. ओसरीवर पाट मांडला होता. त्यावर कोयता, विळा, नांगराचा फाळ, मोटारसायकलचे पाने आणि मधोमध तलवार. पुतण्याच्या मुलीने सगळ्यांना हळदकुंकू लावले, झेंडूची फुले वाहिली.

पूजा झाल्यावर आबांनी तलवार माझ्या हातात दिली. मूठ आपल्याकडची, वाटीवरची नक्षी झिजून गुळगुळीत झालेली. पाते पुष्कळ वाकलेले, पाठीलगत एक रुंद पन्हाळ आणि टोकाकडे रुंदी वाढत गेलेली. मुठीजवळ पाठीवर काही अक्षरे होती, ती आता वाचता येत नाहीत. माझ्या समजुतीप्रमाणे ते १७९६ चेच पाते आहे. अनेकदा धार लावल्यामुळे मधला भाग थोडा खाल्ला गेला आहे. म्यान लाकडी, वरचे कातडे सुटत चाललेले.

“हिला कुणी वापरलं?” मी विचारले.

“रिसाल्यात होते ते. मोमिनाबादच्या छावणीत. एवढंच ऐकलंय,” आबा म्हणाले. “नाव नाही सांगता येत. वडील सांगायचे एक, चुलते सांगायचे दुसरं.”

पुतण्याने तलवारीवरचे कुंकू ओल्या फडक्याने पुसायला घेतले तसे आबांनी फडके काढून घेतले. कोरड्या सुती कापडाने पाते पुसले, मग दुसऱ्या कापडावर थोडे तेल घेऊन मुठीपासून टोकापर्यंत एका दिशेने हात फिरवला. कुणाशी बोलत नव्हते. त्या वेळी त्यांच्याकडे पाहताना मला वाटले, की शस्त्राला जपणारी माणसे एका जातीची असतात; मग हातात पाते असो नाहीतर तोफेची नळी.

जेवताना नोलनचा विषय पुन्हा निघाला. तो पुढे कसा मेला, हे आबांना ऐकायचे होते. २५ ऑक्टोबर १८५४ रोजी क्रिमियात बालाक्लाव्हाच्या लढाईत वरिष्ठांचा हुकूम घेऊन जाणारा तोच होता. त्या हुकमाचा अर्थ चुकला आणि लाइट ब्रिगेडचे साडेसहाशेच्या वर स्वार सरळ रशियन तोफांच्या तोंडी गेले. त्यात अगदी पहिल्या पडलेल्यांत नोलन होता. लोखंडी म्याने सोडा, धार राखा, असे तो सांगून गेला; इंग्रजी घोडदळाने ते मनावर घेतले नाही. त्या हल्ल्यातून वाचलेले कितीतरी शिपाई म्हातारपणी भिकेला लागले. १८९० साली लंडनमध्ये त्यांच्यासाठी निधी उभारला, आणि त्यासाठी मार्टिन लँडफ्रिड नावाच्या म्हाताऱ्या शिंगाड्याचा आवाज एडिसनच्या यंत्रावर मुद्रित केला. तो आवाज आजही ऐकता येतो. आबा म्हणाले, “त्यांचं नाव राहिलं तरी.”

आबांच्या या एका वाक्यासाठी मी हे सगळे लिहायला बसलो. इंग्रजांनी आपल्या म्हाताऱ्या शिपायांना उपाशी ठेवले, पण त्यांची यादी केली. आपण त्यांची तलवार पूजेत ठेवली आणि नाव विसरलो. नोलनला उत्तर देणारा तो स्वार दख्खनचा सर्वांत मोलाचा शस्त्रज्ञ होता, आणि तो हिंदू की मुसलमान, मराठा की पठाण, हेही आज सांगता येत नाही.

महाराष्ट्रात अशा तलवारी असलेली घरे पुष्कळ आहेत. त्या घरांतल्या लोकांना माझी हात जोडून विनंती आहे. तलवार एमरी पेपरने घासून चकचकीत करू नका, तिच्यावर मुलामा चढवू नका, चिंच-लिंबाने धुऊ नका; कोरडे कापड आणि थोडे तेल पुरते. जुने लाकडी म्यान फेकून बाजारातले मखमली म्यान आणू नका. ते लाकूड पात्याइतकेच महत्त्वाचे आहे. शंभर वर्षांहून जुनी वस्तू कायद्याने परदेशी नेता येत नाही, तेव्हा चांगली किंमत देणारा दलाल दारात आला तर त्याला परत पाठवा. आणि घरात जो कुणी वयाने मोठा असेल त्याला आजच विचारून तलवार कुणाची, तो कुठल्या रिसाल्यात होता, त्याच्या गावाचे आणि बापाचे नाव काय, हे कागदावर लिहून ठेवा. दोन नावे सांगितली गेली तर दोन्ही लिहा. तोच कागद आपल्या जिल्ह्याच्या संग्रहालयालाही नेऊन द्या.

आबांच्या वाड्यात आम्ही तो कागद लिहिला. वडिलांनी सांगितलेले नाव वर आहे, चुलत्यांनी सांगितलेले खाली, आणि त्याखाली आबांचे स्वतःचे नाव आणि त्यांच्या रणगाडा रेजिमेंटचे.